वेगळे वाजवणाऱ्यांचे गुण कापू नका: पियानो स्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीला बसण्यापूर्वी एक ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, या विनंतीनेच पत्राला सुरुवात करते. रशियन पियानोवादक-रचनाकार सेर्गेई रखमानिनॉव यांनी फेब्रुवारी १९३० मध्ये पोलिश रचनाकार शोपँचा दुसरा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची पियानोरचना, तबकड्यांवर मुद्रित केला. त्याचा तिसरा भाग म्हणजे अंत्ययात्रेचे ते जगप्रसिद्ध संचलन. संहितेत, म्हणजे रचनाकाराच्या छापील स्वरलिपीत, ते हळू आवाजात सुरू होते, वाढत जाते. मध्ये ती साधी, जवळजवळ निराभरण सुरावट येते. मग संचलन परत येते, आणि संहितेप्रमाणे तेही हळूच परत यायला हवे. रखमानिनॉव तसे करत नाहीत. मधली सुरावट विरते न विरते तोच ते सगळ्या ताकदीनिशी संचलन परत आणतात आणि तिथून शेवटपर्यंत आवाज पायरीपायरीने उतरवत नेतात. पहिल्या वेळी यात्रा दुरून जवळ आली होती, आता ती समोरून निघून लांब चालली आहे, असे ऐकणाऱ्याला अक्षरशः दिसू लागते. त्यांच्या आधीच्या पिढीतले रशियन वादक अंतोन रुबिनस्टाइनही असेच वाजवत. रखमानिनॉव यांनी ती परंपरा उचलली आणि तिला आपल्या हातांचे वजन दिले.

एखाद्या वीस वर्षांच्या मुलीने तुमच्यासमोर हेच केले, तर तुम्ही तिला किती गुण द्याल?

तुमच्यापैकी अनेकांना ते वादन मनातून आवडेल याची मला खात्री आहे. तुम्ही स्वतः थोर वादक आहात, या तबकड्यांवरच तुमच्यातले कितीतरी जण वाढले आहेत. पण हातात गुणपत्रिका असते, शेजारी सहकारी असतात, समोर छापील संहिता उघडी असते. तिथे ‘हळू’ असे छापले आहे आणि मुलीने ‘जोरात’ वाजवले आहे. गुण कापले जातात.

आज ज्याला आपण बिनचूक, संहितेला धरून, सुसंस्कृत वादन म्हणतो ती एका विशिष्ट काळाची आवड आहे. ती घडवण्यात ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा मोठा हात आहे आणि ती टिकवून धरण्यात तुमच्या गुणपत्रिकेचा. ही आवड वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती एकमेव आवड असल्यासारखी वागते, हे माझे दुखणे आहे.

जुने पुरावे आपल्याजवळ आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. १९०४ मध्ये वेल्टे-मिन्योन ही यंत्रणा आली. वादक वाजवत असताना त्याच्या प्रत्येक स्वराची वेळ कागदी गुंडाळीवर नोंदली जाई. तीवर वाजवलेले जर्मन पियानोवादक कार्ल राइनेके हे १८२४ साली जन्मलेले. शोपँ वारला तेव्हा ते पंचविशीचे होते, पुढे लाइपत्सिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची धुरा त्यांनी पस्तीस वर्षे सांभाळली. त्या काळी त्यांची ख्याती शिस्तीच्या, अभिजात वादनाबद्दल होती. त्यांच्या गुंडाळ्या ऐकल्या की आजचा विद्यार्थी चक्रावतो. डावा हात आधी पडतो, उजवा मागून येतो. संहितेत एकत्र छापलेले स्वरसमूह ते खालून वर उलगडत वाजवतात, आणि तेही अधूनमधून नव्हे, सारखे. थिओडोर लेशेटिट्स्की यांच्या १९०६ च्या गुंडाळ्यांतही हेच. लेशेटिट्स्की चेर्नीचे शिष्य, चेर्नी बीथोव्हेनचे. पाडेरेव्स्की, श्नाबेल, फ्रीडमन, मॉइसेइविच हे सगळे लेशेटिट्स्कींच्या हाताखालून गेलेले.

गुंडाळ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अंशतः खराही आहे. आवाजाचा लहानमोठेपणा आणि पेडलची बारीक हालचाल त्यांतून नीट कळत नाही. पण कोणता स्वर आधी पडला आणि कोणता नंतर, हे सांगायला गुंडाळी पुरेशी आहे. शिवाय त्याच पिढीतल्या वादकांच्या तबकड्या आहेत. पाखमानच्या आहेत, पाडेरेव्स्कींच्या आहेत, सां-साँस यांनी १९०४ मध्ये केलेल्या आहेत. यंत्र वेगळे, पण ऐकू येणारी सवय तीच.

ही सवय निष्काळजीपणातून आलेली नव्हती. इग्नात्स फ्रीडमन यांनी १९३६ मध्ये मुद्रित केलेला शोपँचा नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना), ओपस म्हणजे प्रकाशित रचनांच्या यादीतला क्रमांक ५५, त्यातला क्रमांक २, सावकाश ऐका. या रचनेत उजव्या हाताला दोन सुरावटी एकदम सांभाळायच्या असतात, आणि खाली डाव्या हाताचा लांबरुंद झोका सतत चालू असतो. आजच्या बहुतेक मुद्रणांत वरची सुरावट पुढे असते, दुसरी तिच्या सावलीत असते, आणि तिन्ही थर एकाच क्षणी पट्टीवर उतरतात. फ्रीडमनकडे त्या दोन सुरावटी दोन स्वतंत्र माणसांच्या आहेत. एक बोलायला लागते, दुसरी क्षणभर थांबते आणि मग तिच्या बोलण्यात आपले बोलणे मिसळते. डावा हात दोघींनाही थांबवत नाही. स्वर एकत्र पडत नाहीत म्हणूनच प्रत्येक थर वेगळा ऐकू येतो. जोर न लावता, निव्वळ वेळेच्या बारीक फरकाने आवाज वेगळे करण्याचे हे तंत्र आहे, आणि ते शिकायला वर्षे लागतात. आज ते शिकवलेच जात नाही, कारण स्पर्धेत त्याला ‘हात एकत्र पडत नाहीत’ म्हणतात.

खुद्द शोपँचेच काय झाले असते? डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा ठाम राहावा आणि उजव्याने त्यावर मोकळे फिरावे, अशी त्यांची शिकवण असल्याचे त्यांच्या शिष्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या माझुर्का, म्हणजे तीन मात्रांच्या पोलिश नृत्यावर बेतलेल्या रचना, तर त्यांच्या हयातीतच वादाचा विषय होत्या. चार्ल्स हाले यांना त्या ऐकताना तीन मात्रांऐवजी चार ऐकू येत. त्यांनी तसे सांगितले तेव्हा शोपँ मान्य करीनात. मग हालेंनी त्यांना वाजवायला लावले आणि मोठ्याने चार मात्रा मोजून दाखवल्या. त्या बरोबर बसल्या. शोपँ हसले आणि हा त्या नृत्याचा राष्ट्रीय स्वभावच आहे म्हणाले. मायरबेअर यांनी ओपस ३३ मधल्या एका माझुर्काबद्दल ती दोन मात्रांत आहे असा हट्ट धरला तेव्हा मात्र ते संतापले होते. दोन्ही तक्रारी करणारे जाणते संगीतकार होते आणि दोघांनाही कागदावरच्या तीन मात्रा ऐकू येत नव्हत्या. म्हणजे रचनाकाराच्या स्वतःच्या हातून जे निघत होते, ते कागदावर मावत नव्हते. आज एखादा स्पर्धक माझुर्कातली दुसरी मात्रा इतकी ताणू लागला तर ‘ताल सुटतो’ असा शेरा पडतो.

शोपँचे शिष्य मिकुली, मिकुलींचे शिष्य राऊल कोचाल्स्की. त्यांनी १९३० च्या दशकात ओपस ९ मधला दुसरा नॉक्टर्न मुद्रित केला तो शोपँने शिष्यांच्या प्रतींवर लिहून दिलेल्या वेगळ्या अलंकारांसह. संहिता त्या काळी किती पातळ आणि किती जिवंत वस्तू होती, ते कळायला हे एक मुद्रण पुरे आहे.

मग हे सगळे गेले कुठे? कोणी बंदी घातली नाही, कोणी कट केला नाही. सुरुवात यंत्राच्या मर्यादांपासून झाली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटे मावत. विल्हेल्म बाकहाउस यांनी १९०९ मध्ये ग्रीगचा कन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) मुद्रित केला तेव्हा अर्ध्या तासाच्या रचनेला कात्री लावून ती काही मिनिटांत बसवावी लागली. १९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि पियानोचा आवाज ओळखू येण्याइतका खरा झाला. श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात बीथोव्हेनचे बत्तीसही सोनाटे मुद्रित केले, आगाऊ वर्गणी भरणाऱ्या श्रोत्यांसाठी. जगात प्रथमच कोणालाही घरबसल्या ते सगळे ऐकता येऊ लागले. त्या मुद्रणांत चुकलेले सूर भरपूर आहेत. ओपस १०६ मध्ये बीथोव्हेनने लिहिलेली दर मिनिटाला अर्ध्या स्वराच्या १३८ ठोक्यांची भयंकर गती गाठायचा श्नाबेल प्रामाणिक प्रयत्न करतात आणि बोटे अडखळतात. फ्रेंच वादक आल्फ्रेद कोर्तो यांनी १९३३ आणि १९३४ मध्ये मुद्रित केलेले शोपँचे एत्यूद, म्हणजे तंत्राचा कस पाहणाऱ्या छोट्या रचना, तसेच. बाजू एका दमात वाजवायची, जमली तर ठेवायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. असे असूनही ती मुद्रणे तेव्हा कोणी नाकारली नाहीत.

पण तबकडीने एक नवा श्रोता जन्माला घातला. मैफलीतला चुकलेला सूर हवेत विरून जातो. तबकडीवरचा सूर दर वेळी त्याच जागी चुकतो. दहाव्यांदा ऐकताना कान त्या जागेची वाट पाहू लागतो आणि संगीत बाजूला राहते. वादकाच्या लहरीचेही तेच. एका संध्याकाळी अंगावर काटा आणणारा विराम विसाव्या वेळी खटकतो. मुद्रणासाठी वाजवणारा वादक म्हणून सावध होऊ लागला, पुन्हा पुन्हा ऐकले तरी टोचणार नाही असे वाजवू लागला. यात त्याचा दोष नव्हता. श्रोता बदलला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली, १९४८ मध्ये लांब चालणारी तबकडी आली, आणि गोष्ट कायमची पालटली. फीत कापता येते, जोडता येते. विख्यात पियानोवादक होरोविट्झ बारा वर्षांच्या खंडानंतर ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परत आले. त्या मैफलीच्या तबकड्या त्याच वर्षी निघाल्या, पण काही चुकलेले सूर दुरुस्त करून. त्या दुपारी सभागृहात खरोखर जे घडले ते जसेच्या तसे बाहेर यायला २००३ साल उजाडावे लागले. ते ऐकताना एखादी उडी हुकलेली कळते, आणि त्याबरोबरच त्या माणसाने किती धोका पत्करला होता तेही कळते. दुरुस्त केलेल्या तबकडीत कौशल्य ऐकू येते, धोका ऐकू येत नाही.

फितीला खलनायक ठरवायची माझी इच्छा नाही. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर या संग्रहाच्या पहिल्या खंडातल्या ए मायनर फ्यूगबद्दल (एकच सुरावट अनेक आवाजांत पाठोपाठ येते अशी रचना) जे लिहून ठेवले आहे ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी आठ वेळा तो फ्यूग मुद्रित केला. सहावा आणि आठवा, दोन्ही निर्दोष. पण एक गंभीर, जडशीळ. दुसरा चपळ, उड्या मारणारा. स्वतंत्रपणे दोन्ही एकसुरी वाटत होते. मग त्यांनी सुरुवात आणि शेवट एकातून घेतला आणि मधला भाग दुसऱ्यातून. इथे कात्रीने चूक लपवली नाही, विचार घडवला. १९६४ मध्ये त्यांनी मैफली सोडल्या त्या याच विश्वासाने. त्यांची १९५५ ची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स अडतीस मिनिटांची आहे आणि १९८१ ची एकावन्न मिनिटांची. एकाच माणसाला एकाच रचनेत दोन इतकी वेगळी सत्ये सापडली. यंत्र असे वापरले गेले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

प्रत्यक्षात मात्र कात्रीचा उपयोग मुख्यतः स्वच्छतेसाठी झाला. श्रोत्याला घरात डागविरहित तबकडी ऐकायची सवय लागली आणि तो तीच अपेक्षा घेऊन सभागृहात येऊ लागला. विद्यार्थी त्याच तबकड्या ऐकून शिकले. म्हणजे तुकडे जोडून तयार झालेले वादन हा आदर्श ठरला, आणि तो एका दमात, हजारो माणसांसमोर, अठराव्या वर्षी गाठायचा असे ठरले. ते गाठणारी मुले आज आहेतही. अमेरिकेतल्या फोर्टवर्थच्या २०२२ च्या क्लायबर्न पियानो स्पर्धेत अठरा वर्षांच्या युनचान लिमने उपांत्य फेरीत लिस्तचे बाराही ट्रान्सेंडेंटल एत्यूद सलग वाजवले, आणि ते ऐकताना नुसत्या सफाईच्या फार पलीकडे काहीतरी चालले आहे हे कळत होते. अशा मुलांपुढे मी नतमस्तक आहे.

नव्या आवडीने जे दिले त्याचा हिशेब सोडून द्यायचा नाही. पोल्लिनींनी १९७२ मध्ये मुद्रित केलेले शोपँचे एत्यूद ऐकल्यावर त्या रचनांची बांधणी किती कणखर आहे ते पहिल्यांदा उघड झाले. जुन्या वादकांनी पाने गाळली, टोकाला स्वतःचे स्वर जोडले, शूबर्टचे सोनाटे तर बहुतेकांनी वाजवलेच नाहीत. ते आपल्याला मिळाले ते श्नाबेल यांच्यासारख्यांमुळे, ज्यांनी संहितेला मान दिला. आर्थर रुबिनस्टाइन यांच्या १९३६-३७ च्या नॉक्टर्नांनंतर त्यांचीच १९६५ ते १९६७ मधली ऐका. पहिल्यांत ओढ आहे, अधीरता आहे, ओळी पुढे धावतात आणि अचानक मागे वळून पाहतात. दुसऱ्यांत शांत, रुंद, प्रौढ प्रकाश आहे. मला दोन्ही हवी आहेत. तुमच्या मंचावर मात्र आज फक्त दुसऱ्या प्रकाराला जागा आहे, आणि तीही बहुतेक वेळा त्यातली प्रौढता वजा करून.

संहितेच्या निष्ठेविषयी आणखी एक गोष्ट, कारण सर्वाधिक गुण याच कारणाने कापले जातात. फ्रेंच रचनाकार देबुसींनी आपल्या प्रेल्यूड या छोट्या रचनांच्या पहिल्या खंडातला बुडालेल्या कॅथीड्रलचा प्रेल्यूड १९१३ च्या सुमारास वेल्टेच्या यंत्रावर स्वतः वाजवला. छापील पानावर मात्रांची खूण बदलते तिथे गतीबद्दल नीटसे काही सांगितलेले नाही. स्वरांच्या किमती जशाच्या तशा धरल्या तर तो मोठा, घंटांनी भरलेला मधला भाग अतिशय संथ, निम्म्या चालीने सरकतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वादकांनी तो तसाच ओढत नेला. देबुसींच्या गुंडाळीवर तो भाग दुप्पट चालीने येतो. तसा वाजवला की सगळी रचना एका श्वासात उभी राहते. पुढे अभ्यासकांनी तपासून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीने ही गोष्ट स्वीकारली. म्हणजे इथे यंत्रावरची नोंद खरी निघाली आणि छापील पान अपुरे. असे किती ठिकाणी असेल? रचनाकाराच्या काळची वाजवायची रीत माहीत नसताना निव्वळ कागदाशी इमान राखणे हे रचनाकाराशी इमान राखणे ठरते का, हा प्रश्न प्रत्येक फेरीत तुमच्यापुढे असायला हवा.

एकसारखेपणा किती वाढला आहे याचा एक कडवट दाखला २००७ मध्ये मिळाला. जॉइस हॅटो या ब्रिटिश वादिकेच्या नावावर तिच्या पतीच्या कंपनीने शंभराहून अधिक तबकड्या काढल्या होत्या. त्यांचे कौतुकही झाले. मग एका श्रोत्याने त्यातली लिस्तची तबकडी संगणकात घातली तर संगणकाने ती लास्लो सिमोन यांची म्हणून ओळखली. एकामागून एक तबकड्या इतरांच्या निघाल्या. शोपँच्या माझुर्का यूजीन इंजिक यांच्या असल्याचे संशोधकांनी मोजमापाने दाखवून दिले. पतीने पुढे कबुली दिली. फसवणूक फसवणूकच, तिच्याबद्दल दुमत नाही. मला अस्वस्थ करते ती दुसरी बाजू. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या गुरूंकडे शिकलेल्या अनेक वादकांचे हात तयार कानांच्या मंडळींना एकाच व्यक्तीचे म्हणून खपले. पाखमान, कोर्तो, फ्रीडमन आणि रखमानिनॉव यांच्या तबकड्या एकत्र करून एका नावाखाली कोणी विकू शकला असता का? पहिल्या चार मापांत उघडे पडले असते. आज झाकावा एक आणि काढावा दुसरा अशी अवस्था आहे.

यात तुमची भूमिका कुठे येते ते आता स्पष्टच लिहिते. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात वॉर्सात शोपँ स्पर्धा सुरू झाली, १९२७ मध्ये. १९३८ मध्ये ब्रुसेल्सची, १९५८ मध्ये मॉस्कोची, १९६२ मध्ये फोर्टवर्थची, १९६३ मध्ये लीड्सची. आज जगभर त्यांची रांग आहे आणि तरुण वादकाला मैफली मिळवायचा दुसरा रस्ता जवळजवळ उरलेला नाही. परीक्षक कान देऊन, थकेपर्यंत ऐकतात हे मी जाणते. अडचण गुणांच्या गणिताची आहे. समजा एका स्पर्धकाला चार परीक्षकांनी २४, २३, १२ आणि ११ गुण दिले. सरासरी साडेसतरा. दुसऱ्याला चौघांनीही १८ दिले. दुसरा पुढे जातो, पहिला घरी. ज्याने दोघांना झपाटून टाकले तो हरला, ज्याने कोणालाच दुखावले नाही तो जिंकला. शोपँ स्पर्धेच्या अलीकडच्या आवर्तनांत तर सरासरीपासून फार दूर गेलेला गुण सरासरीच्या दिशेने दुरुस्त करायचा नियम राहिला आहे. २०१५ च्या अंतिम फेरीत बहुतेकांनी नऊ-दहा गुण दिलेल्या विजेत्याला एका परीक्षकाने १ दिला होता. असल्या टोकाला आवर घालायला नियम हवा हे मलाही पटते. पण तोच नियम दुसऱ्या टोकालाही लागू होतो. भारावून गेलेल्या परीक्षकाचे गुणही तो खाली ओढतो.

१९८० च्या शोपँ स्पर्धेत तरुण वादक इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वी बाद झाले आणि त्याच्या निषेधार्थ विख्यात पियानोवादिका मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळातून उठून गेल्या. तो प्रसंग आजही नाट्य म्हणून सांगितला जातो. पोगोरेलिच यांच्या वादनाला विरोध करणाऱ्यांची कारणेही प्रामाणिक होती, आणि त्यांचे सगळेच वाजवणे मला पटते असे नाही. तरी लोकांना लक्षात राहिले ते कोण? १९३८ च्या ब्रुसेल्समध्ये गिलेल्स पहिले आले, ते योग्यच होते. त्याच यादीत, पुढे थोर वादकांत गणले गेलेले मिकेलान्जेली सातवे होते. मंडळ चुकू शकते, त्याचे आश्चर्य नाही. पण सरासरीचे गणित ठरावीक एकाच दिशेने चुकते, नेहमी मधल्याच्या बाजूने, आणि हे माहीत असून ते चालू ठेवणे मला मान्य होत नाही.

परिणाम विद्यार्थ्यांच्या खोलीत दिसतात. शिक्षक सांगतात, ‘हे सुंदर आहे, पण स्पर्धेत करू नकोस.’ हे वाक्य कुठल्याही देशातल्या पियानोच्या विद्यार्थ्याने ऐकलेले असते. मग ते सुंदर जे काही होते ते स्पर्धा संपेपर्यंत बाजूला ठेवले जाते. दहा वर्षे बाजूला ठेवलेली गोष्ट हाताला पुन्हा सापडत नाही.

एक गैरसमज मात्र होऊ नये. मुलांनी कोर्तोंची नक्कल करावी असे मी सुचवत नाही. ठरवून डावा हात आधी टाकणे, ठरवून स्वरसमूह उलगडणे, ही आणखी एक चाकोरी होईल आणि ती पहिलीपेक्षा वाईट असेल. जुन्या वादकांकडून घ्यायची ती त्यांची मोकळीक. राइनेके एका कारणाने हात वेगळे करत, फ्रीडमन दुसऱ्या, पाखमान तिसऱ्या. आजच्या मुलीला चौथे कारण सापडेल. तिला ते शोधायला जागा हवी, इतकेच. वॉर्सात २०१८ पासून शोपँच्या काळातल्या वाद्यांवरची वेगळी स्पर्धा भरते. तिथे परीक्षकांचे कान वेगळे लागतात, विद्यार्थी मोकळे वाजवतात. तीच मोकळीक आधुनिक वाद्यावर गुन्हा का व्हावी?

म्हणून काही नेमक्या गोष्टी मागते. स्पर्धेपूर्वी मंडळाने एकत्र बसून एक दिवस जुनी मुद्रणे ऐकावीत, स्पर्धेतल्याच रचनांची, १९४० पूर्वीची. ती आता सहज उपलब्ध आहेत. कान एकदा त्या मोकळेपणाला सरावले की दुसऱ्या दिवशी वेगळे वाजवणारा स्पर्धक चुकलेला वाटणार नाही. प्रत्येक परीक्षकाला प्रत्येक फेरीत एका स्पर्धकाला सरासरीची पर्वा न करता पुढे पाठवायचा अधिकार द्यावा. मंडळ मोठे असेल तर दोघांनी मिळून एकाला. एखादी फेरी अशी ठेवावी जिथे दोन रचनांच्या मध्ये स्वतःचे काही वाजवायची मुभा असेल. बाकहाउस अगदी अखेरपर्यंत रचनांच्या मध्ये चार ओळी उत्स्फूर्त वाजवत, आणि ते काही लहरी वादक म्हणून प्रसिद्ध नव्हते. चुकलेल्या सुरांचे गुण कापायचेच असतील तर त्यांना अगदी थोडी किंमत द्यावी आणि ती किती ते आधी जाहीर करावे. म्हणजे मुलांना धोका पत्करण्याची किंमत ठाऊक असेल आणि ती द्यायची की नाही हे ती स्वतः ठरवतील.

आणि गुणांसोबत शब्द द्या. आकडे जाहीर करणाऱ्या स्पर्धा आता आहेत, ते स्वागतार्हच आहे. पण बारा गुण मिळालेल्या मुलाला त्यातून काही शिकता येत नाही. प्रत्येक बाद झालेल्या स्पर्धकाला तुमच्या सहीने दोन ओळी लिहून पाठवा: कोणत्या रचनेत, कोणत्या जागी, काय पटले नाही आणि का. ‘संहितेत तसे नाही’ एवढेच कारण असेल तर तेही तसेच लिहा, म्हणजे ते कारण पुरेसे होते का यावर आम्हा सगळ्यांना, आणि तुम्हालाही, बोलता येईल.

आपली,
पियानोची एक श्रोती